मॅग्नेटो म्हणजे माल्कम एक्स?

‘एक्स-मेन’ या अमेरिकी सुपरहिरो कॉमिकमधले नायकांचे गुरू प्रोफेसर एक्स म्हणजे अहिंसावादी कृष्णवर्णीय नेते मार्टिन ल्युथर किंग आणि त्यांचा विरोधक मॅग्नेटो म्हणजे जहाल कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स, आणि हे पहिल्यापासूनच ठरलेलं होतं, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. 1963 च्या पहिल्या अंकातला मॅग्नेटो सरळसोट खलनायक होता. क्षेपणास्त्र तळावर कब्जा करणारा. पुढे त्याने काढलेल्या टोळीच्या नावातच ‘दुष्ट’ हा शब्द होता! आणि नायकांचा पाच जणांचा चमू? सगळे गोरे. नाझी छळछावणीतून वाचल्याचा मॅग्नेटोचा भूतकाळ या कॉमिकचे लेखक क्रिस क्लेअरमाँट यांनी 1981 मध्ये जोडला. 2000 च्या चित्रपटाची सुरुवातच त्या छावणीच्या फाटकापाशी होते. शेवटी मॅग्नेटोच्या तोंडी माल्कम एक्स यांचे ‘बाय एनी मीन्स नेसेसरी’ (वाट्टेल त्या मार्गाने) हे प्रसिद्ध शब्द येतात. ही तुलना लोकांच्या डोक्यात पक्की बसली ती बहुधा तिथूनच.