कांडवेलीचा अर्क हाडांत नेमके काय करतो?

कांडवेल किंवा हाडसांधी ही द्राक्षाच्या कुळातील वेल आहे. तिचे खोड हिरवे, मांसल व चौधारी असून प्रत्येक पेराशी ते आवळल्यासारखे दिसते. खोडाचे हे रूप पाहूनच तिला हाडांचे औषध ठरवले गेले असावे, अशी शंका कोणालाही यावी. परंतु सोळाव्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात नोंदलेल्या या वेलीची प्रयोगशाळेत परीक्षा झाली, तेव्हा हाती काही आलेच नाही असे झाले नाही.

1960च्या दशकात काशी हिंदू विद्यापीठातील शल्यचिकित्सक डॉ. के. एन. उडुपा आणि त्यांचे सहकारी जी. प्रसाद यांनी प्राण्यांच्या मोडलेल्या हाडांवर तिचा परिणाम तपासला. कॅल्शियम-45 या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या साहाय्याने त्यांनी जखमेच्या जागी कॅल्शियम किती साठते हे मोजले आणि सांधलेले हाड किती ताण सोसते हेही पाहिले. कांडवेल दिलेल्या प्राण्यांत हाड लवकर सांधत असल्याचे त्यांना आढळले.

हाड मोडले की तेथे आधी रक्ताची गुठळी होते, मग मऊ कूर्चा तयार होते, आणि त्यानंतर हाड घडवणाऱ्या पेशी त्या जागी कॅल्शियम व फॉस्फरसची क्षारे बसवतात. कांडवेलीच्या अर्काचा परिणाम मुख्यतः या पेशींवर होतो असे पुढील अभ्यासांतून दिसले. काचपात्रात वाढवलेल्या पेशींमध्ये अस्थिनिर्मितीची खूण मानले जाणारे अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर वाढते, आणि अस्थिमज्जेतील मूळ पेशी हाड घडवणाऱ्या पेशींकडे वळतात. गाभण उंदरांना अर्क दिल्यावर पिल्लांच्या हाडांची गर्भातील वाढ अधिक झाल्याचेही नोंदले गेले आहे.

मात्र ‘अर्क’ म्हणजे काय, हा प्रश्न येथे फार महत्त्वाचा आहे, आणि जाहिराती नेमका तोच टाळतात. वर सांगितलेल्या गर्भावस्थेच्या प्रयोगात पेट्रोलियम इथर हे द्रावक वापरले होते. त्यात स्टेरॉलसारखे मेदविद्राव्य पदार्थ उतरतात, जे पाण्यात उकळलेल्या काढ्यात फारसे येत नाहीत. म्हणून एका अर्काचे श्रेय दुसऱ्याला देता येत नाही, आणि तमिळनाडूत चिंच घालून केल्या जाणाऱ्या कांडवेलीच्या चटणीला तर मुळीच नाही. (चिंच घालण्यामागे कारण आहे: खोडातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे तोंडाला व घशाला खाज सुटते.)

माणसांवरील पुरावा अद्याप तोकडाच आहे. जबड्याच्या अस्थिभंगावर लहान चाचण्या झाल्या असून त्यांचे निष्कर्ष आशादायक असले, तरी रुग्णसंख्या इतकी कमी होती की त्यावरून मांडीच्या किंवा खुब्याच्या हाडाबद्दल काही म्हणणे घाईचे ठरेल. शिवाय सरकलेली हाडाची टोके कोणताही अर्क जागेवर आणत नाही. ती अस्थितज्ज्ञालाच बसवावी लागतात, आणि औषधाचा विचार त्यानंतरचा.