मॅग्नेटाइटचं कोडं सोडवणारे लुई नेएल

मॅग्नेटाइट हा माणसाला सर्वांत आधी माहीत झालेला चुंबक. निसर्गात आयता सापडणारा हा काळा दगड लोखंड ओढतो, हे अडीच हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. त्याच्या चुंबकत्वाचा हिशेब मात्र विसाव्या शतकातही जुळत नव्हता. मॅग्नेटाइटच्या एका रेणुसूत्रात लोहाचे ३ आयन (विद्युतभारित अणू) असतात आणि प्रत्येक आयन स्वतःच एक इवला चुंबक असतो. बोर मॅग्नेटॉन या एककात दोघांचं बळ प्रत्येकी ५, तिसऱ्याचं ४. बेरीज १४ यायला हवी. प्रयोगात मिळतात जेमतेम ४. उरलेलं बळ जातं कुठे?

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४८ मध्ये याचं उत्तर दिलं. मॅग्नेटाइटच्या स्फटिकात आयनांना बसायला दोन प्रकारच्या जागा असतात. ५ बळाचा एक आयन एका प्रकारच्या जागी बसतो, बाकीचे दोन दुसऱ्या प्रकारच्या जागी, आणि या दोन गटांची तोंडं परस्परविरुद्ध दिशांना असतात. ५ आणि ५ एकमेकांना खोडतात, ४ शिल्लक राहतात. मला भौतिकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या वजाबाक्यांपैकी ही एक वाटते. या प्रकाराला नेएल यांनी फेरीचुंबकत्व म्हटलं. म्हणजे ज्या दगडावरून चुंबकाची ओळख झाली, तो लोखंडासारखा साधा लोहचुंबक नव्हताच!

या उत्तराचं मूळ त्यांच्या तरुणपणीच्या एका धाडसी कल्पनेत आहे. १९०४ मध्ये लियाँ इथे जन्मलेले नेएल पॅरिसमध्ये शिकून स्ट्रासबर्गला पिएर वाइस यांच्या हाताखाली काम करू लागले. लोहचुंबकात शेजारचे अणू एकमेकांना एकाच दिशेला वळवतात, हे वाइस यांनी १९०७ मध्येच मांडलं होतं. नेएल यांनी १९३० च्या दशकात उलटा विचार केला: शेजाऱ्यानं शेजाऱ्याला विरुद्ध दिशेला वळवलं तर? तर एकाआड एक अणूंची तोंडं उलटसुलट होतील आणि बाहेर काहीच चुंबकत्व दिसणार नाही. आत पक्की शिस्त, बाहेर शून्य. हेच प्रतिलोहचुंबकत्व. ठरावीक तापमानाच्या वर ही शिस्त मोडते. त्या तापमानाला आज नेएल तापमान म्हणतात. क्रोमियमसाठी ते सुमारे ३८ अंश सेल्सियस आहे.

जे बाहेर दिसतच नाही ते सिद्ध कसं करायचं? नामवंत सिद्धांतकारही साशंक होते. पुरावा आला १९४९ मध्ये, अमेरिकेतल्या ओक रिज इथून. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, पण तो स्वतः चुंबकीय असतो, त्यामुळे अणूचं तोंड कुठे आहे हे त्याला कळतं. क्लिफर्ड शल आणि सॅम्युएल स्मार्ट यांनी थंड केलेल्या मँगेनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉनचा झोत सोडला, आणि क्ष-किरणांना न दिसलेली, दुप्पट अंतरानं पुन्हा पुन्हा येणारी रचना समोर आली. नेएल यांची उलटसुलट रांग खरी ठरली.

मधल्या काळात दुसरं महायुद्ध येऊन गेलं होतं. पोलादी जहाज पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे थोडं चुंबकीय होतं आणि जर्मन पाणसुरुंग नेमकं तेच हेरून फुटत. जहाजालाच विरुद्ध दिशेचं कायम चुंबकत्व द्यायचं, म्हणजे दोन्ही एकमेकांना पुसून टाकतील, ही नेएल यांची युक्ती शेकडो फ्रेंच जहाजांवर वापरली गेली. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ते ग्रेनोबलला गेले आणि तिथेच राहिले. तिथे त्यांनी प्रयोगशाळा उभारल्या, अणुसंशोधन केंद्र उभं केलं. त्या शहराला विज्ञाननगरी बनवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

१९७० मध्ये स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ हानेस अल्फवेन यांच्यासोबत त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी म्हटलं, की प्रतिलोहचुंबक सैद्धांतिकदृष्ट्या अतिशय रंजक आहेत, पण त्यांचा काही उपयोग दिसत नाही. २००० मध्ये त्यांचं निधन झालं. तोवर संगणकांच्या हार्ड डिस्कमधल्या वाचक-शीर्षात (माहिती वाचणाऱ्या भागात) प्रतिलोहचुंबकाचा पातळ थर बसलेला होता: शेजारच्या चुंबकीय थराची दिशा हलू न देण्यासाठी.