चॉकलेट आवळलं, म्हणून लाडू वळला

मे महिन्यातली दुपार. सांगलीत विश्रामबागेत ताईकडे गेलो, तर स्वयंपाकघरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. ओट्यावर एक पातेलं, आणि पातेल्यात नांगरट झालेल्या काळ्या रानासारखी ढेकळं. भाचीने मोबाइलवर व्हिडिओ बघून ‘नो-बेक’ चॉकलेट-पीनट बटर बॉल करायला घेतले होते. ओव्हन नको, साखर नको, दहा मिनिटांत तयार. चॉकलेट डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या भांड्यात, सुरेख वितळलं होतं. जरा दाट वाटलं, म्हणून तिने त्यात चमचाभर काकवी ढवळली. पातळही होईल आणि गोडही होईल, असा हिशेब. पाच-सात सेकंदांत त्या चकचकीत रसाचा दगड झाला.

“जळलं बहुतेक,” भाची म्हणाली.

“फाटलं गं,” माझी आई म्हणाली. आमच्या घरात जे काही बिघडतं ते दुधासारखं फाटतं.

दोघींचंही निदान चुकलं होतं. दूध फाटतं तेव्हा त्यातलं केसिन हे प्रथिन आंबटपणामुळे गोळा होतं. चॉकलेटमध्ये तसं काहीच झालेलं नव्हतं. आणि जळालं असतं तर वास आला असता. घरगुती बेकिंग करणारे याला ‘चॉकलेट सीझ झालं’ म्हणतात. मी आपला ‘आवळलं’ म्हणतो.

आता गंमत अशी, की त्याच ओट्यावर दुसऱ्या भांड्यात शेंगदाण्याचं लोणी होतं. त्यातही तीच काकवी घातली होती आणि तेही घट्ट झालं होतं. पण तिकडे कोणाचा चेहरा पडला नव्हता, कारण तिथे लाडू वळायचे होते! एकाच चमच्याने एक भांडं बिघडवलं आणि दुसरं घडवलं. मला या पदार्थातलं आवडतं ते एवढंच. बाकीचं सगळं तोंडी लावणं.

आधी दाण्याचं बघू. शेंगदाण्यात वजनाने जवळजवळ निम्मं तेल असतं आणि पाव भाग प्रथिनं. हे तेल बीमध्ये मोकळं हिंडत नाही. मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या थेंबांत ते साठवलेलं असतं आणि प्रत्येक थेंबाला प्रथिनांचं पातळ अस्तर असतं. भाजल्यावर ते अस्तर कमकुवत होतं, मिक्सरच्या पात्याने फाटतं, आणि थेंब एकमेकांत मिसळतात. आई कूट करताना मिक्सर थांबवत थांबवत फिरवते आणि सुनांना, लेकींना ओरडते, “बास बास, तेल सुटेल!” पीनट बटर म्हणजे आईने बास म्हटल्यानंतरही पाच मिनिटं फिरवलेला मिक्सर. आधी कूट, मग भांड्याच्या कडेला चिकटणारा ओशट गोळा, आणि मग अचानक तो गोळा वाहायला लागतो. त्या क्षणी भांड्यात उलटापालट झालेली असते. आतापर्यंत कणांमध्ये तेल होतं, आता तेलात कण तरंगत असतात.

चॉकलेटची घडणही तीच. वितळलेलं चॉकलेट म्हणजे कोको बटर नावाच्या स्निग्ध पदार्थात तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कण. हे कण साधारण ३० मायक्रॉनपेक्षा बारीक दळलेले असतात, कारण त्याहून मोठे असले की जिभेला रवाळ लागतात. पाणी जवळजवळ शून्य, एक टक्क्याच्याही आत. साखरेला पाण्याची ओढ असते, तेलाची नसते. तरी ती तेलात निमूट तरंगते, कारण कारखान्यात लेसिथिन घातलेलं असतं. वेष्टनावर ‘इमल्सिफायर ३२२’ लिहिलेलं दिसतं, ते हेच. पाव-अर्धा टक्का पुरतं. त्याच्या रेणूचं एक टोक साखरेला धरतं, दुसरं तेलाला. (हा आकडा बघून ‘केमिकल आहे’ म्हणून पाकीट परत ठेवणाऱ्यांनी अंड्याचा पिवळा बलकही सोडावा लागेल. त्यातही लेसिथिनच असतं.)

आता या तेलाच्या समुद्रात पाण्याचा एक थेंब पडला. काकवीतलं असो, ओल्या चमच्याचं असो, नाहीतर डबल बॉयलरच्या वाफेचं. पाणी तेलात मिसळत नाही. ते धावतं साखरेकडे. कणाच्या पृष्ठभागावरची साखर त्यात विरघळते, चिकट पाक होतो, आणि शेजारचा कण त्या पाकाला येऊन चिकटतो. दोन कणांमध्ये पाकाचा एक इवलासा पूल तयार होतो. असे लाखो पूल झाले, की तरंगणारे सुटे कण एका जाळीत अडकतात. तेल तेवढंच आहे, कणही तेवढेच आहेत, पण वाहणं बंद.

कृष्णेच्या काठी, आयर्विन पुलाखालच्या वाळूत ज्याने लहानपणी पायावर वाळू थापून खोपा केला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. कोरड्या वाळूचा खोपा होत नाही, ती ओघळते. पाण्यात बुडालेल्या वाळूचाही होत नाही. होतो तो फक्त ओलसर वाळूचा, कारण तिथे दोन कणांमध्ये पाण्याचे पूल असतात आणि भोवती हवा. चॉकलेटमध्ये हवेच्या जागी तेल आहे, एवढाच फरक. एरिन कूस आणि नॉर्बर्ट विलेनबाखर या जर्मनीतल्या कार्ल्सरुहेच्या संशोधकांनी २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की एका द्रवात कण तरंगत असताना त्यात न मिसळणारा दुसरा द्रव अगदी थोडा घातला, तरी सगळं मिश्रण वाहत्याचं घट्ट होतं. पुढे तेलातले कोकोचे कण आणि पाणी घेऊनही असे प्रयोग झाले. म्हणजे भाचीचं पातेलं काही अगदीच वाया गेलं नव्हतं.

मग खोपा पायाच्या धक्क्याने मोडतो आणि चॉकलेट चमचा वाकवतं, असं का? कण बारीक, म्हणून. पुलाची ओढ कणाच्या त्रिज्येच्या प्रमाणात असते आणि कणाचं वजन त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात. अर्धा मिलिमीटरचा वाळूचा कण आणि २० मायक्रॉनचा साखरेचा कण घ्या. साखरेचा कण २५ पटींनी लहान. ओढ २५ पटींनी कमी झाली, पण वजन १५,६२५ पटींनी कमी झालं. म्हणजे वजनाच्या तुलनेत ओढ ६२५ पटींनी वाढली. तेल आणि पाणी यांच्यातला पृष्ठताण हवा आणि पाणी यांच्यातल्यापेक्षा बराच कमी असतो, शिवाय तेल कणाला थोडं वर उचलूनही धरतं, त्यामुळे हा आकडा तसाच्या तसा लावता येत नाही. पण कल कुठे आहे ते कळतं. ताईने इथे ‘चहा टाकू का’ विचारलं. वाचकांपैकी कोणाला टाकायचा असेल तर ही वेळ बरी आहे.

बुडालेल्या वाळूचा खोपा होत नाही, यातच पातेलं वाचवायचा उपाय आहे. थेंबाने आवळलेलं चॉकलेट भरपूर पाण्याने सुटतं. शंभर ग्रॅमला अर्धी वाटी गरम दूध थोडं थोडं घालत ढवळत राहायचं. आधी आणखी भीषण दिसतं, मग एकदम मऊ होतं. कणांना आता पुलांची गरजच उरत नाही, सगळीकडे पाणीच आहे. तेल समुद्र होतं, ते आता पाण्यातले थेंब झालं. मात्र हे सॉस आहे. त्यात लाडू बुडवला तर कडक कवच येणार नाही. ताईच्या घरी ते दोन दिवस पोळीला लावून संपलं.

म्हणून आमचा दुसरा प्रयत्न असा ठरला: आत पाणी मुद्दाम, बाहेर पाण्याला बंदी. भाजून सालं काढलेले दाणे १०० ग्रॅम, तेल सुटेपर्यंत फिरवले. त्यात ४० ग्रॅम ओट्सची पूड, चिमूट मीठ आणि शेवटी ४० ग्रॅम काकवी. काकवी पडताच लोणी आवळतं. तिथेच थांबून लाडू वळायचे. जास्त मळलं तर कण जवळ येऊन तेल पिळून काढतात आणि तळहात तुपकट होतात. पंधरा-सोळा लाडू होतात. काकवीऐवजी दूध चालतं का, असं भाचीने विचारलं. आवळायला चालतं, टिकायला नाही. काकवीतलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं, ते बुरशीच्या हाती लागत नाही. दुधाचे लाडू फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावेत.

आता ‘हेल्दी’चं. व्हिडिओतली बाई ‘शुगर-फ्री’ म्हणत मध आणि गूळ घालत होती. गणपती पेठेतला कोणीही व्यापारी सांगेल, की गूळ उसाचा आणि साखरही उसाची. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधी काहिलीतून उतरवलेला रस. त्यात चव आहे, थोडी खनिजं आहेत, पण मुख्यतः पाण्यात विरघळलेली साखर आहे. ‘गुळाचं आहे, डायबेटिसला चालतं’ म्हणून वडीलधाऱ्यांच्या हातात चौथा लाडू ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. ६० ग्रॅम डार्क चॉकलेटचं कवच धरून आमच्या एका लाडवात साधारण ७५ कॅलरी आणि दोन ग्रॅम प्रथिनं येतात. फायदा असलाच तर साखर किती घालायची ते आपल्या हातात राहतं आणि लाडू छोटा वळता येतो, एवढाच.

काळजी करायचीच असेल तर दाण्यांची करावी. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले आणि माग काढत लोक शेंगदाण्याच्या पेंडीवरच्या बुरशीपर्यंत पोचले. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृतावर घाव घालतं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे निवडून फेकायचे, मिक्सरमध्ये ‘चालून जातील’ म्हणायचं नाही.

आणि ‘नो-बेक’ म्हणजे काहीच भाजलेलं नाही, असंही नव्हे. दाणे भाजलेले, कोकोच्या बिया भाजलेल्या, ओट्स कारखान्यात वाफवून चपटे केलेले. भाजणी दुसऱ्याने आधीच करून ठेवली आहे. म्हणून ओट्स संपले तर त्या जागी कच्चा मैदा किंवा कच्चं बेसन घालू नये.

कवचाचं थोडक्यात. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारे स्फटिकबद्ध होतं, आणि चकाकी व कटकन मोडणं देणारा पाचवा प्रकार साधारण ३४ अंशांना वितळतो. सांगलीचा मे महिना ३८-४० वर असतो. तेव्हा फ्रिजला पर्याय नाही. चॉकलेट वितळवताना दोन-तृतीयांश आधी वितळवून उरलेले तुकडे नंतर घातले, की त्यांच्यातले पाचव्या प्रकारचे स्फटिक बाकीच्यांना विरजणासारखे वळण लावतात. पातेलं कोरडं, चमचा कोरडा, खालचं पाणी उकळत नाही इतकंच गरम.

हे लाडू जमले. भाचीने ते स्टीलच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवले आणि मी घरी आलो. चार दिवसांनी फोन आला: “मामा, लाडवांवर पांढरं आलंय. बुरशी का?”

चॉकलेटवर पांढरं दोन कारणांनी येतं. आतलं तेल वर येऊन थिजलं तर बोटाखाली गुळगुळीत लागतं आणि वितळतं. दाण्याच्या लाडवाला याचीच भीती जास्त, म्हणून मी तिला बोट फिरवायला सांगितलं.

“खरखरीत आहे.”

म्हणजे साखर. गार लाडवावर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी दवासारखं बसलं, त्यात साखर विरघळली, पाणी उडालं आणि साखर वर राहिली. डबा बाहेर काढून अर्धा तास झाकण न उघडता ठेवला, की दव डब्यावर बसतं, लाडवावर नाही. मी विचारलं, दुपारी डबा कोण उघडतं?

पलीकडे जरा वेळ शांतता. मग मागून आईचा आवाज आला, “मी एकच घेतला होता.”