एकोणीस वर्षांच्या खेळाडूचे मोल

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये संघ दरवर्षी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात; या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेटची निवड झाली, तर ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळणारा अठरा वर्षांचा यानिस अँटेटोकुम्पो पंधराव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. बेनेट चार हंगामांत चार संघांकडून खेळून लीगबाहेर पडला. यानिस २०१९ आणि २०२० मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. निवड करणाऱ्यांना पारख नव्हती, असे आज म्हणणे सोपे आहे, परंतु त्यांच्यापुढचा प्रश्न मुळातच संभाव्यतेचा होता.

एखाद्या खेळाडूने महाविद्यालयीन हंगामात तीन गुणांचे (म्हणजे लांबून बास्केटमध्ये चेंडू टाकण्याचे) शंभर प्रयत्न केले आणि त्याची खरी क्षमता ३५ टक्के आहे, असे समजू. या नमुन्याचे प्रमाण विचलन, म्हणजे योगायोगाने होणारा सर्वसाधारण चढउतार, सुमारे ५ टक्के येते. म्हणजे तोच खेळाडू केवळ योगायोगाने एका हंगामात ३० टक्के, तर दुसऱ्या हंगामात ४० टक्के यश मिळवू शकतो. म्हणूनच जाणकार फ्री थ्रोचे (प्रतिस्पर्ध्याच्या फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीचे) आकडेही पाहतात, कारण तिथे अंतर ठरलेले असते, अडवायला कोणी नसते आणि हाताचे तंत्र तेवढे उघडे पडते. वयही महत्त्वाचे असते: बावीस वर्षांच्या खेळाडूइतकीच कामगिरी एकोणिसाव्या वर्षी करणाऱ्याच्या हाती वाढीची आणखी तीन वर्षे असतात.

अनिश्चितता नेहमी तोट्याचीच असते असे नाही. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूच्या करारात पहिली दोन वर्षे हमीची असतात आणि तिसरे व चौथे वर्ष संघाच्या मर्जीवर असते. त्यामुळे अंदाज चुकला तर नुकसानाला मर्यादा राहते, आणि साधला तर असामान्य खेळाडू तुलनेने स्वस्तात हाती राहतो. शिवाय मैदानात एका वेळी पाचच जण असल्यामुळे दोन साधारण खेळाडू मिळून एका असामान्य खेळाडूची उणीव भरून काढू शकत नाहीत.

तरीही ही जोखीम फुकट नसते. २००३ मध्ये डेट्रॉइटने दुसऱ्या क्रमांकावर डार्को मिलिचिचला घेतले आणि त्याच्यामागे लगेच कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश व ड्वेन वेड हे पुढे नामांकित ठरलेले खेळाडू निवडले गेले. डेट्रॉइटचा संघ इतका भक्कम होता की त्याने पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळवले, पण त्या संघात डार्कोला खेळायला फारसा वेळच मिळाला नाही. त्याच्यात किती गुणवत्ता होती हा वाद बाजूला ठेवला, तरी न खेळता ती वाढणार कशी?

दुखापतीचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो, कारण तिच्यामुळे यशाची वरची मर्यादाच खाली येऊ शकते. २००७ मध्ये पहिला निवडला गेलेला ग्रेग ओडेन गुडघ्यांच्या दुखण्यामुळे केवळ १०५ सामने खेळला. दुसरा होता केविन ड्युरंट, जो पुढे लीगमधील श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक ठरला. उलट, २०१४ मध्ये ड्राफ्टच्या काही दिवस आधी पायाच्या हाडावर शस्त्रक्रिया झालेला जोएल एम्बीड तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, पहिले दोन हंगाम बाहेर बसला आणि २०२३ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला निवडणाऱ्या फिलाडेल्फियाच्या संघाला त्या दोन वर्षांत जिंकण्याची घाई नव्हती. घाईत असलेल्या संघासाठी तोच एम्बीड कदाचित चुकीची निवड ठरला असता.