धुराड्याचे माप आले कुठून? गॅस भट्टीच्या नियमांची पार्श्वभूमी

मडकी भाजायची गॅसची डाउनड्राफ्ट भट्टी, म्हणजे ज्योत वर जाऊन मग खाली ओढली जाते अशी भट्टी, बांधायला घेतली की तीन आकडे हमखास कानावर पडतात. ज्योत जितके फूट खाली ओढायची, त्याच्या तिप्पट उंच धुराडे. आडव्या प्रत्येक 3 फुटांमागे आणखी 1 फूट. आणि धुराड्याची आतली रुंदी चेंबरच्या, म्हणजे भट्टीच्या आतल्या पोकळीच्या, रुंदीच्या चौथ्या ते पाचव्या हिश्शाइतकी. अमेरिकेत 1970 च्या दशकात स्टुडिओत काम करणाऱ्यांसाठी भट्टीबांधणीची पुस्तके निघाली आणि त्यांतून हे आकडे सगळीकडे पोहोचले. ते चुकीचे नाहीत. पण ते नैसर्गिक ओढीवर चालणाऱ्या भट्ट्यांचे, म्हणजे मुख्यतः लाकडाच्या अनुभवातून आलेले आहेत. गॅसच्या भट्टीत धुराड्याचे काम बरेच हलके होते आणि फ्ल्यूचे, म्हणजे भट्टीतला वायू धुराड्यात जातो त्या भोकाचे, महत्त्व वाढते, हे मात्र त्यांच्याबरोबर क्वचितच सांगितले जाते.

आपल्याकडच्या कुंभाराच्या आव्याला धुराडे नसतेच. जळण खाली, मडकी वर, आणि धूर मिळेल त्या फटीतून बाहेर. दक्षिण चीनमधल्या ड्रॅगन भट्ट्यांनाही उभे धुराडे लागत नसे, कारण त्या डोंगराच्या उतारावर लांबच लांब बांधलेल्या असत. खालचे टोक आणि वरचे टोक यांच्या उंचीतला फरक हेच धुराडे. हीच पद्धत कोरियन कारागिरांमार्फत जपानमध्ये गेली आणि तिथे नोबोरिगामा, म्हणजे एकावर एक चढत जाणाऱ्या चेंबरांची भट्टी, रुजली. 1920 मध्ये इंग्लिश कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हमादा यांनी इंग्लंडमधल्या सेंट आइव्हजला तशी भट्टी बांधली आणि पाश्चात्त्य स्टुडिओंना तिची ओळख झाली. सपाट जागेवर भट्टी बांधायची, तर तो उतार उभा करावा लागतो. तिपटीच्या नियमामागे हेच आहे.

इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट शहरातल्या बाटलीच्या आकाराच्या भट्ट्यांची गोष्ट वेगळी. तिथली बाहेरची बाटली 70 फुटांपर्यंत उंच असे. ती धुराडेही होती आणि आतल्या गोल भट्टीसाठी वाऱ्यापावसापासून आडोसाही. कोळशाच्या जाड थरातून हवा ओढून आणायची तर एवढी उंची लागायचीच. एके काळी तिथे अशा सुमारे 2000 भट्ट्या होत्या. 1956 च्या स्वच्छ हवा कायद्याने काळ्या धुरावर बंधन आले, कारखाने गॅस आणि विजेकडे वळले, आणि 1978 मध्ये ग्लॅडस्टोन संग्रहालयाच्या पुढाकाराने लाँगटनच्या एका कारखान्यात बाटली भट्टी शेवटची पेटवली गेली.

लाकडाच्या भट्टीसाठी आणखी एक नियम होता: लाकूड जळते त्या जाळीचे क्षेत्रफळ धुराड्याच्या छेदाच्या दहापट. गॅस आल्यावर जाळी गेली, त्यामुळे हा नियमही गेला. उंचीचा नियम मात्र जसाच्या तसा राहिला.

फरक किती, ते हिशेबाने पाहू. 4 मीटर उंच धुराड्यात सरासरी 600 अंश सेल्सियसचा वायू असेल, तर ओढ साधारण 30 पास्कल, म्हणजे पाण्याच्या 3 मिलिमीटर उंचीइतकी मिळते. घरच्या शेगडीचा रेग्युलेटरसुद्धा गॅस 300 मिलिमीटरच्या दाबाने सोडतो, आणि भट्टीचे बर्नर बहुतेक वेळा त्याहून जास्त दाबावर चालतात. व्हेंचुरी बर्नरमध्ये, म्हणजे ब्लोअर नसलेल्या बर्नरमध्ये, गॅसची धारच जळण्याआधी मिसळायची प्राथमिक हवा खेचून आणते. धुराड्याला फक्त बर्नरभोवतीच्या मोकळ्या जागेतून दुय्यम हवा ओढायची असते आणि जळलेला वायू बाहेर न्यायचा असतो. ब्लोअरचा बर्नर असेल तर हवा ओढण्याचेही काम उरत नाही. मग धुराडे आखूड चालते, फ्ल्यू मात्र लहान चालत नाही.

उंची दुप्पट केली तर वायूचा वेग जेमतेम 1.4 पट होतो. छेद दुप्पट केला तर त्याच वेगात दुप्पट वायू जातो. धुराडे जास्त तापले म्हणजे जास्त ओढते, ही समजूतही अर्धीच खरी. साधारण 300 अंशांच्या पुढे वायू इतका फुगतो की ओढ वाढूनही त्याच भोकातून जाणारे वायूचे वजन घटत जाते. 1000 अंशांच्या पुढे भट्टी अडते, म्हणजे तापमान चढेनासे होते, त्याचे एक कारण हे.

उदाहरण घेऊ. आतून 3 फूट रुंद, 3 फूट खोल, कमानीपर्यंत 4 फूट उंच अशी भट्टी. नियमाने धुराडे 12 अधिक 1, म्हणजे 13 फूट. आतली रुंदी 36 इंचांचा चौथा हिस्सा, 9 इंच. छेद 81 चौरस इंच. 5 इंच व्यासाची चार बर्नर भोके धरली तर त्यांची बेरीज 78 चौरस इंच होते. आत येणारी आणि बाहेर जाणारी वाट सारखी असावी, हा जुना नियम इथे बरोबर जमतो. ऐन भरात ही भट्टी तासाला 8 किलो एलपीजी खात असेल, तर 20 टक्के जादा हवा धरून सुमारे 157 किलो वायू बाहेर पडतो. 1000 अंशांना तो 9 बाय 9 च्या फ्ल्यूमधून सेकंदाला साधारण 3 मीटर वेगाने जातो. एवढे ठीक. पण गवंड्याने एक वीट जास्त लावून तेच भोक 4.5 बाय 9 केले, तर वेग 6 मीटर आणि अडथळा चौपट. मग वर आणखी 5 फूट धुराडे चढवून काही उपयोग नाही, कारण कोंडी खाली झालेली असते.

म्हणून फ्ल्यू हिशेबापेक्षा पाव हिस्सा मोठा ठेवावा आणि मागच्या भिंतीत सुट्या विटा ठेवून तो लहान करावा. उलट करायचे तर भिंत फोडावी लागते. एकूण क्षेत्रफळ तेवढेच ठेवून दोन-तीन अरुंद फटी करण्यापेक्षा एक रुंद भोक बरे. फटींच्या कडांवर घर्षण जास्त होते. भट्टी भरताना मडकी ठेवायची पहिली शेल्फ फ्ल्यूला टेकू देऊ नये, किमान 4 इंच अंतर ठेवावे. नकाशात 81 चौरस इंच असतात आणि भरल्यावर उरतात 40, हा प्रकार आपल्याला वाटतो त्याहून फार वेळा घडतो.

भट्टी अडली की कारण दोनपैकी एक असते आणि ते डँपरवरून, म्हणजे धुराड्याची वाट कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या फळीवरून, कळते. डँपर पूर्ण उघडा असूनही स्पाय होलमधून, म्हणजे आत डोकावायच्या भोकातून, ज्योत बाहेर येत असेल, दाराच्या कडेने काजळी धरत असेल, ज्योत मागे सरकून बर्नरच्या आतच पेटत असेल, तर बाहेरची वाट लहान आहे. डँपर अर्धा इंच आत ढकलल्यावर तापमान चढू लागले, तर ओढ जास्त होती. गार दुय्यम हवा भट्टीतून नुसती धुराड्याकडे पळत होती. दुसऱ्या प्रकारावर उपाय सोपा आहे: धुराड्याच्या पायथ्याशी एक वीट सुटी ठेवायची. ती काढली की बाहेरची गार हवा थेट धुराड्यात शिरते आणि भट्टीवरची ओढ कमी होते. डँपरपेक्षा याने बारीक ताबा मिळतो आणि शेल्फचा तुकडा डँपर म्हणून वापरला असेल तर तो तडकायची भीतीही कमी होते.

9 बाय 4.5 बाय 3 इंचांच्या विटेने असे धुराडे बांधताना एका थराला 6 विटा लागतात. 13 फुटांचे 52 थर, म्हणजे सांध्यांची जाडी सोडून 312 विटा. सगळ्या फायरब्रिक, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या विटा, घ्यायची गरज नाही. खालच्या 5-6 फुटांना फायरब्रिक, वर साधी भाजलेली लाल वीट चालते. वर साध्या पत्र्याची नळी बसवली तर ती काही पावसाळ्यांत गंजते. कोकणात तर आणखी लवकर. पावसासाठीची टोपी धुराड्याच्या तोंडापासून किमान 9 इंच वर असावी, नाहीतर तीच डँपर होऊन बसते.

पाचगणीसारख्या 1300 मीटर उंचीच्या ठिकाणी हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण 12 ते 14 टक्के विरळ असते. तेवढ्याच गॅससाठी जास्त घनफळ हवा आत यायला हवी आणि जास्त घनफळ वायू बाहेर जायला हवा, आणि ओढ मात्र तेवढीच कमी. तिथे उंचीबरोबर छेदही वाढवावा लागतो. पुण्यात हा फरक 5 ते 6 टक्क्यांच्या आसपास आहे. पाव हिस्सा मोठा ठेवलेल्या फ्ल्यूत तो सहज सामावतो.