फिन्यों हरला तो दीड टक्क्याने

२३ जुलै १९८९. टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा शेवटचा टप्पा म्हणजे व्हर्सायपासून पॅरिसच्या शाँझेलिझेपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. यात प्रत्येकाने एकट्याने सायकल हाणायची आणि घड्याळाशी झुंजायचं. एकूण वेळेत सर्वांत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी फ्रान्सच्या लोराँ फिन्योंच्या अंगावर होती आणि गाठीशी ५० सेकंदांची आघाडी. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने हा टप्पा त्याच्यापेक्षा ५८ सेकंद कमी वेळात संपवला. तीन आठवडे सायकल मारून फिन्यों ८ सेकंदांनी हरला. टूरच्या इतिहासात विजयाचं इतकं निसटतं अंतर दुसरं नाही.

चष्मा, मागे बांधलेले सोनेरी केस आणि थोडंफार झालेलं कॉलेज, यामुळे त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत. १९८३ साली पहिल्याच प्रयत्नात त्याने टूर जिंकली, वय जेमतेम २२. पुढच्या वर्षी बेर्नार इनोसारख्या दिग्गजाला दहा मिनिटांहून जास्त फरकाने मागे टाकलं. मग टाचेच्या स्नायुबंधाची शस्त्रक्रिया झाली आणि उमेदीची काही वर्षं गेली. १९८९ मध्ये जिरो ही इटलीतली टूरसारखीच मोठी शर्यत जिंकून तो पुन्हा वर आला होता.

त्या दिवशी तो ढेपाळला, असं आजही लिहिलं जातं. मला ते पटत नाही. नेमकं बसायच्या जागी गळू झालेलं असतानाही तो ताशी ५२.६ किलोमीटर वेगाने गेला आणि टप्प्यात तिसरा आला. पाय कमी पडले असतीलही, पण हवेचा हिशोब आधी मांडायला हवा.

सपाट रस्त्यावर ताशी पन्नासच्या पुढे गेलं की सायकलस्वाराची सुमारे ९० टक्के ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट. हा विरोध सायकलपेक्षा माणसाच्या शरीरामुळेच जास्त होतो. समोरून हवा आदळते, पाठीमागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तो स्वाराला मागे ओढत राहतो.

लेमाँडने ट्रायथलॉनवाल्यांचं (पोहणं, सायकल आणि धावणं अशी एकत्र शर्यत करणाऱ्यांचं) पुढे लांब आलेलं हँडल लावलं होतं. त्यावर कोपरं टेकली की दोन्ही हात छातीसमोर जवळ येतात, पाठ आडवी होते आणि वाऱ्यासमोरचं क्षेत्रफळ घटतं. डोक्यावर मागे निमुळतं होत गेलेलं हेल्मेट होतं, म्हणजे मानेमागची पोकळीही बरीचशी भरलेली. फिन्योंचे हात नेहमीच्या हँडलवर फाकलेले, डोकं उघडं आणि पोनीटेल वाऱ्यावर.

आता आकडेमोड. ताकद तेवढीच ठेवून वेळ १ टक्क्याने वाचवायचा तर हवेचा विरोध साधारण ३ टक्क्यांनी कमी व्हावा लागतो. फिन्योंला लागले २७ मिनिटं ५५ सेकंद. त्यातले ८ सेकंद म्हणजे अर्धा टक्काही नाही. म्हणजे विरोध जेमतेम दीड टक्क्याने घटला असता तरी बरोबरी झाली असती! पोनीटेल कापली असती तर जिंकला असता, असं लोक गमतीने म्हणतात. माझा संशय केसांपेक्षा हातांवर आहे. शिवाय ते हँडल काही गुपित नव्हतं. लेमाँडने त्याच टूरमधली दिनार ते रेन ही ७३ किलोमीटरची टाइम ट्रायल त्याच हँडलवर जिंकली होती.

हवेने त्याला आधीही एकदा असंच गाठलं होतं. १९८४ च्या जिरोत शेवटच्या टाइम ट्रायलला निघताना तो १ मिनिट २१ सेकंदांनी पुढे होता. इटलीचा फ्रान्चेस्को मोझेर आऱ्यांऐवजी भरीव चकत्यांची, हवेचा विरोध कमी करणारी चाकं लावून उतरला आणि ती जिरो १ मिनिट ३ सेकंदांनी घेऊन गेला. टीव्हीचं हेलिकॉप्टर मोझेरच्या मागे खाली उडून त्याला वारा देत होतं, असा फिन्योंचा आरोप होता. त्याचं आणखी एक दुखणं होतं: त्याच शर्यतीतला स्टेल्व्हियो घाट बर्फाचं कारण देऊन वगळला गेला होता. घाटात वेग इतका उतरतो की बहुतेक ताकद वजन वर चढवण्यातच जाते. तिथे मोझेरच्या चाकांचा उपयोग जवळपास शून्य होता आणि फिन्यों घाटाचा राजा होता.