1984-85: व्हेरोनाच्या स्कुदेत्तोमागे सोडत किती आणि संघबांधणी किती

1929 मध्ये सेरी आ, म्हणजे इटलीची अव्वल फुटबॉल लीग, आजच्या साखळी स्वरूपात सुरू झाली. तेव्हापासून विजेतेपद मिळालेली शहरं मोजली तर मिलान, तुरीन, रोम, नापोली, बोलोन्या, फ्लॉरेन्स, जेनोआ, काल्यारी अशी यादी होते. ही सगळी आपापल्या प्रांताची राजधानीची शहरं. या यादीत न बसणारं एकच नाव आहे, व्हेरोना. व्हेनेतो प्रांताची राजधानी व्हेनिस, व्हेरोना नव्हे. 12 मे 1985 रोजी बेर्गामोत अटालांटाशी 1-1 अशी बरोबरी करून हेलास व्हेरोनाने एक सामना बाकी असतानाच स्कुदेत्तो, म्हणजे विजेत्याने पुढचा हंगाम जर्सीवर मिरवायची तिरंगी ढाल, नक्की केली.

या हंगामाचा विषय निघाला की दुसऱ्याच वाक्यात सोडत येते. 1984-85 मध्ये सामन्यांना रेफरी चिठ्ठ्या काढून नेमले गेले, आणि नेमक्या त्याच वर्षी छोटा संघ जिंकला. त्यामुळे ‘बघा, रेफरी निष्पक्ष झाले की काय होतं!’ असा निष्कर्ष इटलीत आजही काढला जातो. ऐकायला छान वाटतं, पण हे स्पष्टीकरण आळशी आहे. ते का आळशी आहे हे कळण्यासाठी आधी सोडत कुठून आली ते पाहावं लागेल.

इटलीत कोणत्या सामन्याला कोणता रेफरी द्यायचा हे एक नियुक्ती-अधिकारी ठरवत असे. मोठ्या क्लबांपुढे रेफरी नकळत वाकतात, या तक्रारीला तिथे ‘मानसिक दास्य’ असा खास शब्द आहे आणि तो साठच्या दशकापासून चालत आलाय. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लागोपाठ दोन हंगाम या तक्रारीला खतपाणी मिळालं. 10 मे 1981 रोजी युव्हेंटस-रोमा सामन्यात रोमाच्या तुरोनेने केलेला गोल ऑफसाइड ठरला, सामना 0-0 सुटला आणि विजेतेपद युव्हेंटसला गेलं. तो गोल वैध होता की नाही, यावर रोमचे लोक अजून भांडतात. पुढच्या वर्षी 16 मे 1982 ला शेवटच्या फेरीत युव्हेंटस आणि फिओरेंटिना समान गुणांवर होते. काल्यारीत फिओरेंटिनाचा गोल नाकारला गेला, तर कातान्झारोत युव्हेंटसला पेनल्टी मिळाली आणि त्यांच्या ब्रेडीने ती मारून विजेतेपद मिळवून दिलं. त्याआधी 1980 च्या सट्टा-प्रकरणात मिलान आणि लाझियो थेट सेरी बीमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, ढकलले गेले होते. विश्वास इतका आटला होता की शेवटी ‘माणूस नको, चिठ्ठीच काढा’ इथवर गोष्ट आली. 1984-85 हा पूर्ण सोडतीचा एकमेव हंगाम ठरला आणि त्यानंतर नियुक्ती पुन्हा माणसाच्या हाती गेली.

आता सोडतीचा हिशेब मांडू. चिठ्ठीने नेमलेला रेफरी कुणाच्या बाजूचा नसतो हे मान्य. पण त्याचा फायदा व्हेरोनाला जितका, तितकाच कोमोला, आस्कोलीला आणि क्रेमोनेसेलाही होता. आस्कोली, लाझियो आणि क्रेमोनेसे त्या वर्षी खालच्या श्रेणीत गेले. सोडतीमुळे मोठ्यांना मिळणारा हातभार थांबला असेल, पण तळाच्या संघाला वर यायला तेवढं पुरत नाही. व्हेरोना वर आलं याचं कारण तीन वर्षं मागे सापडतं.

1981 मध्ये ओस्वाल्दो बान्योली प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा क्लब सेरी बीमध्ये होता. बान्योली मिलानच्या बोव्हिसा या कामगार वस्तीतले, मितभाषी. खेळाडू म्हणून मिलानकडून आणि व्हेरोनाकडूनही खेळलेले. नुकतंच त्यांनी चेझेनाला सेरी आमध्ये चढवलं होतं. व्हेरोनालाही त्यांनी पहिल्याच हंगामात वर आणलं. मग आकडे असे: 1982-83 मध्ये चौथं स्थान, 1983-84 मध्ये सहावं, आणि दोन्ही वर्षी इटालियन चषकाची अंतिम फेरी. पहिल्या अंतिम फेरीत व्हेरोनाने घरी युव्हेंटसला 2-0 हरवलं, पण तुरीनमध्ये जादा वेळेत 0-3 हरून चषक घालवला. दुसऱ्या वेळी रोमाने 1-1 आणि 1-0 असं रोखलं. म्हणजे सप्टेंबर 1984 मध्ये हा संघ नवखा नव्हता. दोनदा घास तोंडाशी येऊन हुकलेला, पण एकमेकांना नीट ओळखणारा असा तो गट होता.

या गटाची खरेदी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. क्रीडा संचालक एमिलियानो माशेत्ती स्वतः व्हेरोनाचे जुने मधल्या फळीतले खेळाडू. त्यांची पद्धत सरळ होती: मोठ्या क्लबात बाकावर बसलेला किंवा नाव खराब झालेला, पण वयाने आणि पायाने धड असलेला खेळाडू उचलायचा. पिएत्रो फान्ना आणि ज्युसेप्पे गाल्देरिझी युव्हेंटसकडे विजेतेपद पाहून आलेले, पण तिथे पहिल्या अकरात पक्की जागा नसलेले. अंतोनियो दि जेन्नारो आणि लुचानो ब्रूनी फिओरेंटिनातून, लिबेरो (सर्वांत मागे मोकळा राहणारा बचावपटू) आणि कर्णधार रोबेर्तो त्रिचेल्ला इंटरच्या युवा संघातून. गोलरक्षक क्लाउदियो गारेल्लाच्या लाझियोतल्या चुकांना तर वर्तमानपत्रांत त्याच्याच नावावरून एक शब्द पडला होता. चेंडू धरायची त्याची शैली विचित्र: हाताआधी पाय, गुडघा, मांडी, जे पुढे असेल ते. प्रशिक्षणाच्या पुस्तकात न बसणारा हा माणूस हंगामभरात फक्त 19 गोल खाऊन थांबला, आणि तो लीगमधला सर्वोत्तम बचाव होता.

परदेशी खेळाडूंचा नियमही समजून घेतला पाहिजे. साठच्या दशकाच्या मध्यात बंद झालेलं दार 1980 मध्ये उघडलं ते प्रत्येक क्लबला एक परदेशी या अटीवर. 1982 पासून दोन. सोळा संघ, म्हणजे पूर्ण लीगमध्ये जास्तीत जास्त 32 परदेशी. त्यामुळे पैसा कितीही असला तरी कोणी तिसरा आणू शकत नव्हता, आणि दोन्ही परदेशी बरोबर निवडले गेले तर लहान क्लब मोठ्याच्या शेजारी उभा राहू शकत होता. 1984 च्या उन्हाळ्यात बाजार तापला होता: बार्सेलोनातून मॅराडोना नापोलीत, रुमेनिगे इंटरमध्ये, सॉक्रेटिस फिओरेंटिनात, सूनेस सांपदोरियात, ज्युनियर टोरिनोत. प्लातिनी, बोनिएक, झिको, फाल्काओ आधीपासून होतेच. या गर्दीत व्हेरोनाने कायझर्सलाउटर्नहून हान्स-पेटर ब्रीगेल आणि बेल्जियमच्या लोकेरेनहून डॅनिश आघाडीपटू प्रेबेन एल्केअर आणले. मोठ्या नावांतल्या बऱ्याच जणांचा हंगाम वाया गेला. फाल्काओ गुडघ्यामुळे जेमतेम चार सामने खेळला, सॉक्रेटिस वर्षभरात परतला. व्हेरोनाच्या दोघांनी मिळून 17 गोल केले.

आणि ब्रीगेल बचावपटू म्हणून आला होता! पश्चिम जर्मनीच्या संघात तो डाव्या बाजूचा बचाव करायचा. तरुणपणी मैदानी खेळांत मुरलेला, मोजे घोट्याशी उतरवून आणि नडगीरक्षक न लावता धावणारा. बान्योलींनी त्याला मधल्या फळीत आणलं. तिथून तो प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य खेळाडूला चिकटायचा आणि चेंडू सुटला की त्याच दमात समोरच्या गोलापुढच्या पेटीत शिरायचा. 16 सप्टेंबर 1984 ची पहिली फेरी, व्हेरोनाचं घरचं बेंतेगोदी मैदान, मॅराडोनाचा सेरी आमधला पहिलाच सामना. ब्रीगेलने मॅराडोनाला बांधून ठेवलं, वर पहिला गोलही केला आणि व्हेरोना 3-1 जिंकलं. हंगामाअखेर त्याच्या नावावर 9 गोल होते.

संघाची मांडणी त्या काळच्या इटालियन भाषेत ‘मिश्र क्षेत्ररक्षण’ म्हणावी अशी. मागे फोन्तोलान प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य आघाडीपटूवर, फेर्रोनी दुसऱ्यावर, दोघेही माणूस धरून. त्यांच्या मागे त्रिचेल्ला मोकळा. डाव्या कडेने मारांगोन बचावातून सुटून थेट पुढच्या टोकापर्यंत जायचा. त्याची रिकामी जागा झाकायचं काम ब्रीगेलचं. उजवीकडे फान्ना उलट कामाचा: वरून सुरुवात, पण चेंडू गेला की मागे परत. मध्ये दि जेन्नारो पास वाटणारा आणि व्होल्पाती त्याच्यासाठी धावणारा. पुढे ठेंगणा गाल्देरिझी आणि धिप्पाड एल्केअर. माणूस धरण्याच्या पद्धतीत नेहमी बिघडतं ते एकाच ठिकाणी: तुमचा बचावपटू त्याच्या माणसामागे ओढला गेला की मागे खिंडार पडतं. व्हेरोनात ते खिंडार बुजवायला त्रिचेल्ला असायचा, आणि चेंडू हिसकावला की तोच पुढे येऊन पहिला पास द्यायचा. त्यामुळे त्यांचे प्रतिहल्ले मधल्या फळीत न अडकता तीन-चार पासात गोलापर्यंत पोचत.

14 ऑक्टोबरला युव्हेंटसविरुद्धचा दुसरा गोल अशाच प्रतिहल्ल्यातला. डाव्या कडेने एल्केअर सुटला, युव्हेंटसच्या स्तेफानो पिओलीने मागून अडवलं, त्यात एल्केअरचा बूट निघाला. तो थांबला नाही. पेटीत शिरून बूट नसलेल्या उजव्या पायानेच त्याने चेंडू जाळ्यात मारला. निकाल 2-0. इटलीत त्याला सिंड्रेलाच्या इटालियन नावाचं पुल्लिंगी रूप चिकटलं, ‘चेनेरेंतोलो’.

गुणपद्धतीचाही या कथेत वाटा आहे. तेव्हा विजयाला 2 गुण, बरोबरीला 1. इटालियन वर्तमानपत्रं तक्त्याशेजारी ‘इंग्रजी सरासरी’ नावाचा एक रकाना छापत: घरचा प्रत्येक सामना जिंकावा आणि बाहेरचा बरोबरीत सोडवावा, हे प्रमाण. घरी जिंकलं तर शून्य, बरोबरी उणे 1, हार उणे 2. बाहेर जिंकलं तर अधिक 1, बरोबरी शून्य, हार उणे 1. 30 सामन्यांच्या हंगामात हे प्रमाण 45 गुणांचं होतं. व्हेरोनाने 15 विजय, 13 बरोबऱ्या आणि 2 पराभवांतून 43 गुण मिळवले, म्हणजे उणे 2. विजेताच प्रमाणाच्या खाली! यावरून त्या लीगची घट्ट वीण कळते. टोरिनो 39, इंटर 38, सांपदोरिया 37, मिलान आणि युव्हेंटस प्रत्येकी 36. बरोबऱ्यांवर जिंकलेलं विजेतेपद असा टोमणा मारणाऱ्यांसाठी: आजच्या 3 गुणांच्या नियमाने व्हेरोनाचे 58 होतात आणि 14 विजयांच्या टोरिनोचे 53. अंतर एका गुणाने वाढतंच.

व्हेरोनाची हार दोनदाच झाली, जानेवारीत अव्हेलिनोत 1-2 आणि वसंतात घरी टोरिनोकडून 1-2. मधला उदिनेतला उदिनेसेविरुद्धचा सामना मात्र या संघाच्या स्वभावाला सोडून: 3-0 आघाडी, मग 3-3, मग 5-3 विजय. हंगामात खाल्लेल्या 19 पैकी 3 गोल त्या एका दुपारचे. एकूण 42 गोलांपैकी गाल्देरिझीचे 11, ब्रीगेलचे 9 आणि एल्केअरचे 8, म्हणजे दोन तृतीयांश तिघांचे. सर्वाधिक गोल प्लातिनीचे 18 होते, पण युव्हेंटसचं लक्ष युरोपियन चषकावर होतं आणि लीगमध्ये ते सहाव्या स्थानी राहिले.

एवढं सगळं सतरा खेळाडूंत झालं. सामन्यात दोनच बदली खेळाडू चालत, त्यामुळे मोठ्या ताफ्याचा उपयोग तसाही मर्यादित होता. व्हेरोनाला युरोपीय सामने नव्हते आणि संघ रविवार ते रविवार ताजा राहायचा. साक्केत्ती आणि ब्रूनी हे नेहमीचे पर्याय, तुर्केत्ता शेवटच्या वीस मिनिटांचा. एल्केअर किंवा त्रिचेल्ला तीन महिने जायबंदी झाला असता तर काय, या प्रश्नाला त्या संघाकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न आलाच नाही. नशीब शोधायचंच तर चिठ्ठ्यांपेक्षा ते इथे अधिक सापडेल.

पुढच्या हंगामात ही त्रुटी उघडी पडली. उन्हाळ्यात गारेल्ला नापोलीला गेला (1987 मध्ये तिथेही विजेता झाला), फान्ना आणि मारांगोन इंटरला. ज्या क्लबांनी कधी हे खेळाडू सोडले होते, तशाच श्रीमंत क्लबांनी ते परत नेले. क्लबचे सूत्रधार किआम्पान यांच्याकडे जर्सीवर कॅनॉनचं नाव होतं, पण मिलान-तुरीनच्या तिजोरीशी स्पर्धा करण्याइतकं बळ नव्हतं. लीगमध्ये संघ दहावा आला. वैयक्तिक मान मात्र मिळाले: ब्रीगेल 1985 चा जर्मनीतला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला, परदेशात खेळताना हा मान मिळवणारा पहिलाच. युरोपच्या सुवर्णचेंडूच्या (बॅलन डी’ओर) मतदानात एल्केअर प्लातिनीच्या मागे दुसरा.

युरोपियन चषकात व्हेरोनाने ग्रीसच्या पाओकला दोन्ही सामन्यांत हरवलं आणि दुसऱ्या फेरीत समोर आलं गतविजेतं युव्हेंटस. घरी 0-0. परतीचा सामना नोव्हेंबर 1985 मध्ये तुरीनला, पण हेझेल दुर्घटनेच्या (मे 1985 च्या अंतिम सामन्याआधीची जीवघेणी चेंगराचेंगरी) शिक्षेमुळे प्रेक्षकांविना. रिकाम्या स्टेडियममध्ये प्लातिनीच्या पेनल्टीने आणि सेरेनाच्या गोलाने व्हेरोना 0-2 हरलं. स्वतःला पेनल्टी नाकारली गेल्याचा त्यांचा राग रेफरीवर होता. हा रेफरी फ्रेंच, युरोपीय संघटनेने नेमलेला. इटलीतही तोवर चिठ्ठ्या बंद झाल्या होत्या.